विचारायची चेष्टा

देवव्रत पुणतांबेकराला मराठी बोलायला घरात कुणी उरलं नव्हतं, हे त्याचं खरं दुखणं. बाकी सगळं ठीकठाक होतं. काशीत, पंचगंगा घाटाच्या वरच्या गल्लीत स्वतःचं घर, घरबसल्या नोकरी आणि पंचेचाळिशीतही डोक्यावर शाबूत केस. पण आई गेली आणि तिच्याबरोबर घरातली मराठीही गेली. दूधवाल्याशी हिंदी, नावाड्याशी भोजपुरी, कंपनीशी इंग्रजी. काही दिवस तो भाजी चिरताना स्वतःशीच मराठीत बोलायचा. मग त्याची त्यालाच लाज वाटली आणि तेही थांबलं.

त्याची कंपनी परदेशातली, लहानशी. ती डिझाइनचं सॉफ्टवेअर बनवायची. त्यात चारजण आपापल्या गावी बसून एकाच फाइलीत काम करतात आणि कोण कुठे काय करतंय ते दिसत राहतं, कारण प्रत्येकाच्या नावाचा एक बाण पडद्यावर फिरत असतो. देवव्रतकडे देवनागरी अक्षरांचं काम होतं. अशात, त्याच धंद्यातल्या एका अगडबंब कंपनीनं ही लहान कंपनी विकत घ्यायचं ठरवलं. बड्यांना स्पर्धक आवडत नाही. तो मोठा व्हायच्या आत गिळलेला बरा, असा एकूण हिशेब.

वकिलांनी नियम घालून दिले. सौदा पुरा होईपर्यंत दोन्ही कंपन्या एकमेकींच्या स्पर्धकच. तेव्हा बोलायचं ते ठरलेल्या माणसांनी, ठरलेल्या फाइलीत आणि कामापुरतं. मोठ्या कंपनीच्या पुण्याच्या ऑफिसातून देवव्रतच्या वाट्याला आली कस्तुरी.

पहिल्याच कॉलवर गडबड झाली. कस्तुरीनं काढलेला एक ‘ल’ बघून देवव्रत गंभीरपणे म्हणाला, “कस्तुरीजी, मला आपत्ती आहे.”

“अगं बाई! काय झालं? घरी सगळे बरे आहेत ना?”

“घरी कुणी नाही. मला या ‘ल’वर आपत्ती आहे.”

मग तिला उलगडा झाला. हिंदीत आपत्ती म्हणजे हरकत. ती इतकी हसली, की देवव्रतलाही हसू आलं. आई गेल्यानंतरचं ते पहिलंच. त्या दिवसापासून तिला छंदच लागला. त्याच्या बोलण्यात नवीन काही आलं की ती विचारायची, “हा शब्द तुमच्या काशीचा का आमचा?” त्याला सांगता यायचं नाही. काशीतल्या मराठी घरात कुठला शब्द मूळचा आणि कुठला गल्लीतून चपला न काढता आत आलेला, हे घरातल्याला कसं कळणार?

वर्षभर हे चाललं. सकाळी फाइल उघडायची आणि ‘कस्तुरी’ नावाचा बाण आला की नाही ते बघायचं. तो बाण शेजारी फिरत असला की देवव्रतला घरात कुणीतरी वावरतंय असं वाटायचं. ती पुण्यात एकटी राहते, तिला कारल्याची भाजी आवडते आणि पाठीच्या दुखण्यानं बेजार आहे, एवढं त्याला काम करता करता कळलं होतं. फोन नंबर मागणं नियमात बसत नव्हतं आणि देवव्रत नियमाचा पक्का. शिवाय घाई कशाला? सौदा झाला की त्याची बदली पुण्याला, तिच्याच शेजारच्या टेबलावर, असं वरून सांगितलं गेलं होतं. जे विचारायचं ते तिथे विचारता येईल, सवडीनं, चहा घेता घेता. सौदा दोन कंपन्यांचा होता, पण हा गृहस्थ मनातल्या मनात बाशिंग बांधून बसला होता. जायचं म्हणून त्यानं खालचा मजला भाड्यानंही देऊन टाकला, साताऱ्याहून बँकेच्या बदलीवर आलेल्या मालविकाताईंना.

आणि परदेशातल्या सरकारी नियामकांनी खो घातला. त्यांचं म्हणणं असं, की हे दोघं एक झाले तर स्पर्धा मरेल. दोघं वेगळे राहण्यातच लोकांचं भलं आहे. म्हणणं चुकीचं होतं असं नाही. ग्राहकांचा विचार करणं हेच त्यांचं काम, आणि पंचगंगेच्या गल्लीतला देवव्रत काही त्यांच्या समोर नव्हता. दोन्ही कंपन्यांनी थोडी कुरकुर केली आणि सौदा सोडून दिला. वकिलांचा निरोप आला: शुक्रवारी संध्याकाळी फाइल बंद होईल.

शुक्रवारी तो सकाळपासून फाइल उघडून बसला. कस्तुरीचा बाण दुपार टळल्यावर आला आणि एकेक अक्षर तपासत फिरू लागला. देवव्रतनं चारदा लिहिलं, चारदा पुसलं. शेवटी संध्याकाळच्या तोंडावर, ज्या ‘ल’वरून त्यांची ओळख झाली होती त्याच्या शेजारी त्यानं लिहिलं: “कस्तुरीजी, सौदा मोडला तरी मी पुण्याला यायला तयार आहे. आपण दोघं लग्न करूया का, हे तुम्हाला विचारायची चेष्टा करतो आहे.”

बाण थांबला. मग उत्तर उमटलं: “काय हो ही चेष्टा! तुमच्याबरोबर काम करताना मजा आली. तब्येतीला जपा.” पुढे एक हसरा चेहरा. थोड्या वेळानं फाइल बंद झाली.

देवव्रतला काहीच कळेना. त्याच्या घरात चेष्टा म्हणजे प्रयत्न. आई म्हणायची, चेष्टा करत राहा, यश येईल. म्हणजे कस्तुरी म्हणत होती, काय हा प्रयत्न! हे कौतुक होतं की रागावणं? त्यानं उलटसुलट विचार केला आणि वाईट तेच धरलं, तसा स्वभावच त्याचा. आपण आगाऊपणा केला, भल्या बाईला दुखावलं, असं म्हणत तो कित्येक दिवस कुढत राहिला. जेवण दोन वेळांचं एक वेळेवर आलं. घाटावरही तो जाईनासा झाला.

मग एक दिवस खालच्या मजल्यावरचा नळ बंद पडला. मालविकाताई जिना चढून वर आल्या. देवव्रत नम्रपणे म्हणाला, “ताई, मी आजच पाणी चालू करायची चेष्टा करतो.”

“चेष्टा?” ताई कडाडल्या. “इथे सकाळपासून थेंब नाही, मला बँकेत जायचंय, आणि तुम्हाला चेष्टा सुचते?”

“नाही, नाही, मनापासून करतो चेष्टा!”

“वर मनापासून!”

पाच मिनिटं दोघं एकमेकांवर ओरडले, तेव्हा कुठे ताईंच्या ध्यानात आलं. त्या जिन्यावरच बसल्या आणि हसता हसता पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, “अहो, चेष्टा म्हणजे आमच्याकडे थट्टा! तुम्हाला प्रयत्न म्हणायचंय होय?”

देवव्रत जागच्या जागी उभा राहिला. म्हणजे तिला वाटलं आपण थट्टा केली! लग्नाचं विचारलं आणि थट्टा म्हणून विचारलं! ती रागावली नव्हती, दुखावली नव्हती, तिच्यापर्यंत प्रश्न पोचलाच नव्हता. नळ तसाच टाकून तो खोलीत पळाला. नोकरदार आपली माहिती टाकतात त्या साइटवर तिला शोधून काढायला क्षणही लागला नाही. आता नियम संपले होते. त्यानं निरोप धाडला: ती थट्टा नव्हती, आमच्याकडे चेष्टा म्हणजे प्रयत्न, मी खरंच विचारलं होतं. खाली आपला फोन नंबर.

मग त्यानं नळ दुरुस्त केला, दाढी केली, कपाटावरून सूटकेस काढून पुसली. दुपारी फोन वाजला.

“देवव्रत, कस्तुरी बोलतेय.”

“कस्तुरीजी! अहो, तो शब्द...”

“शब्द मला माहीत होता हो.” तिचा आवाज हळू झाला. “वर्षभर ऐकतेय तुमची मराठी. त्या दिवशी वाचलं तेव्हाच कळलं, तुम्हाला काय म्हणायचंय ते. मला लग्न नाही करायचं, कुणाशीच नाही. पण तुम्हाला तोंडावर नाही म्हणणं माझ्या जिवावर आलं. म्हणून मुद्दाम थट्टेवारी नेलं. वाटलं, तुमचंही मन राहील. चुकलंच माझं.”

“नाही, तुमचं कसं चुकेल,” तो म्हणाला. तिच्या पाठीच्या दुखण्याची चौकशी त्यानं केली. बरं आहे म्हणाली.

फोन ठेवल्यावर तो खिडकीशी बसून तिचं बोलणं पुन्हा पुन्हा आठवत राहिला. एखादा शब्द तरी असा निघतो का, ज्याचा काशीत अर्थ वेगळा होतो, हे तो शोधत होता. एकेक करून सगळे शब्द तपासले. ‘नाही’ दोन्हीकडे नाहीच होतं.