एझ्रा पेलचा अर्धा तास

चाकणजवळच्या त्या गावात मिनल उपसरपंच झाली, तेव्हा पंचायतीतले जुने पुढारी अण्णासाहेब यांना वाटलं होतं, पोरगी शिकलेली आहे, सह्या तरी वळणदार करील. पण मिनल सही करण्याआधी कागद वाचायची. ही खोड काही अण्णासाहेबांच्या पचनी पडली नाही. अडीच वर्षं कळ काढून शेवटी त्यांनी अविश्वासाचा ठराव आणला. सदस्य नऊ, तिला खाली ओढायला सात हात लागणार, एक अण्णासाहेबांचा स्वतःचा, आणि बाकीचे सहाही जण त्यांच्या ओसरीवर चहा पिऊन गेलेले.

घरच्यांचा सल्ला एकच, अण्णांना भेट, गोड बोल. तिचे सासरे भीमराज, कंपनीत तीस वर्षं युनियन चालवलेला माणूस, तेसुद्धा म्हणाले की घटकाभर नमतं घ्यावं. मिनल हसली. तिला एझ्रा पेल आठवला होता.

हा पेल कोण, हे गावात तिच्याशिवाय कुणाला ठाऊक असण्याचं कारणच नव्हतं. एम.ए.ला तिने त्याच्यावर प्रबंध लिहिला होता. दीडशे वर्षांपूर्वीचा अमेरिकेतला माणूस. जन्म गुलामाच्या पोटी. नावेवर तांदळाची पोती वाहता वाहता पोत्यांवरची अक्षरं लावून वाचायला शिकला. गुलामी संपल्यावर काँग्रेसमध्ये, म्हणजे तिथल्या संसदेत, निवडून गेला. हरलेल्या गोऱ्या उमेदवाराने त्याच्या निवडीवरच हरकत घेतली. बाजू मांडायला पेलला अर्धा तास मिळाला. मतं विरोधात आहेत हे त्याला दिसत होतं, तरी त्याने स्वतःविषयी अवाक्षर काढलं नाही. अर्धा तास तो आपल्या लोकांच्या शाळांवर बोलला. खुर्ची गेली. गडी घरी आला, शाळा काढली आणि वीस वर्षं शिकवत राहिला. मिनलला त्याचा अभिमान वाटे, सख्ख्या चुलत्याचा वाटावा तसा.

सभेत आधी अण्णासाहेब बोलले. मिनल उर्मट आहे, मिनल कुणाला विचारत नाही, मिनलला माणसं धरून ठेवता येत नाहीत. मग तहसीलदारांनी तिला वेळ दिला. कंपन्यांची पाण्याची लाइन गावाला वळसा घालून कशी जाते, वस्तीतल्या आणि मळ्यातल्या बायका टँकरसाठी कामाचा खाडा कशा करतात, नळजोडणीचा अर्ज कुठल्या टेबलावर अडकलाय, हे तिने तारीखवार सांगितलं. स्वतःच्या पदाचं नावही न काढता ती खाली बसली.

हात वर झाले. सहा. मळ्यातल्या तानुबाईंचा हात मांडीवरच होता. त्या अण्णासाहेबांच्या चुलत भावजय, तिसऱ्यांदा निवडून आलेल्या. आजवर त्यांचा हात न सांगताच वर जायचा. अण्णासाहेब खाकरले, मतदान चाललंय याची त्यांनी वहिनींना आठवण करून दिली.

"व्हय, दिसतंय मला," तानुबाई म्हणाल्या. "ती नळाचं बोलली, भावजी. तुमी निस्तं तिचं बोलला."