घरच्याच सदस्य

कुडाळच्या औद्योगिक वसाहतीतल्या काजू कारखान्यातून मथुरा बाहेर पडली तेव्हा तिच्या कपाळाची शीर नुसती तडतडत होती. हातात पिशवी, पिशवीत तिचा बायोडाटा आणि त्याला टाचलेलं जुन्या मालकांचं, भाईंचं पत्र. आतला अधिकारी तसा सभ्य होता. कोल्हापूरकडचा तरुण माणूस. त्याने तिला पाणी दिलं, कागद दोनदा वाचले आणि अवघडून म्हणाला, "मावशी, तुम्ही कुणाच्या तरी घरी मदत करत होता, असं हे पत्र आहे. आम्हाला प्रतवारीवर देखरेख करणारी बाई हवी. निदान तीन वर्षांचा अनुभव पाहिजे. शुक्रवारी पाचपर्यंत दुसरा दाखला आणलात तर बघू."

तीन वर्षं. मथुराने वेंगुर्ल्यात भाईंच्या कारखान्यात तेवीस वर्षं काजूगर निवडले होते. पौंडाला दोनशे दहा भरणारा मोठा गर कुठला आणि दोनशे चाळीस भरणारा कुठला, हे तिची बोटं डोळ्यांच्या आधी सांगत. शिमग्यानंतर भाईंनी कारखाना बंद केला, जागा हॉटेलवाल्यांना दिली, आणि पंचावन्नाव्या वर्षी मथुरा घरी बसली. घर तिच्या एकटीच्या हातावर चालणारं. कुडाळची ही जागा गेली तर पुढच्या पावसाळ्यात चूल कशाने पेटवायची, हे तिला ठाऊक नव्हतं.

एसटीत खिडकीशी बसून तिने पत्र पुन्हा बाहेर काढलं. अक्षरं ती चाळिशीत शिकली होती, त्यामुळे ओळीखाली बोट धरल्याशिवाय तिला वाचता येत नसे. 'श्रीमती मथुरा या आमच्या घरच्याच सदस्य असून अडीअडचणीला लागेल ती मदत आपुलकीने करीत असत. त्यांचा स्वभाव प्रेमळ आहे.'

चार दिवसांपूर्वी हेच पत्र तिने तीनदा वाचलं होतं आणि तिचा ऊर भरून आला होता. आता तिला स्वतःचाच राग आला. घरच्याच. चतुर्थीच्या आधी भाईंच्या घरची तांब्यापितळेची भांडी घासायला ती घरची. भाईंच्या मुलीच्या लग्नात शंभर नारळ खवायला ती घरची. नेमणुकीचं पत्र मागायचं तिला कधी सुचलंच नाही, कारण घरच्या माणसाला कोण नेमणूक देतो? कारखान्याला पंचवीस वर्षं झाली तेव्हा सगळ्या कामगारांचा फोटो काढला. मथुरा पदर सारखा करून रांगेत उभी राहिली, तर भाई म्हणाले, तू खंय हंय, तू घरची, आत जेवणाचा बघ. त्या फोटोत अठ्ठावीस बायका आहेत. त्यांतल्या वीस जणींना निवडायला मथुराने शिकवलं होतं. ती स्वतः मात्र त्या वेळी आत चुलीवर खोबऱ्याचं वाटप उकळत होती.

वेंगुर्ल्याला उतरल्यावर ती घरी गेलीच नाही. सरळ भाईंच्या पडवीत जाऊन उभी राहिली.

भाई झोपाळ्यावर पेपर वाचत बसले होते. तिला बघून त्यांना खराच आनंद झाला. त्यांनी आत हाक मारून चहा टाकायला सांगितला आणि काम झालं का म्हणून विचारलं. मथुराने घडलेलं सांगितलं. भाईंना ते पटेना. एवढं चांगलं पत्र, शब्द शोधून शोधून लिहिलेलं, त्या माणसाला मराठी समजत नसेल, असं ते म्हणाले.

"भाई, दुसरा लिवन दिया," मथुरा म्हणाली. "मथुरा, कामगार, काजू प्रतवारी, तेवीस वर्सां. इतक्याच."

भाईंनी पेपराची घडी घातली. मग घडी मोडून पुन्हा घातली. कामगार असं लिहिलं की भानगडी उभ्या राहतात, त्यांचा हिशेबनीस सांगत होता. ज्या बाईचं नाव कुठल्याच रजिस्टरात नाही तिला एकदम तेवीस वर्षांची कामगार कशी करायची? त्यापेक्षा ते कुडाळला ओळखीच्या माणसाला फोन करतील.

"फोनार तुमी परत घरचीच म्हणतलास."

"मगे काय म्हणू गो? परक्याक कोण घरची म्हणता? तुका मान दिलंय तो."

"घरच्यांका तुमी ह्या झोपाळ्यार बसयतास," मथुरा म्हणाली. "मी तेवीस वर्सां ह्या खांबाक टेकान उबी आसंय. आज पण."

भाईंचा चेहरा उतरला, मग तांबडा झाला. आतून चहाचा कप आला तो मथुराने घेतला नाही. तिने टाचणी काढून पत्र झोपाळ्यावर ठेवलं. "ह्या तुमचा. घरात ठेवा," म्हणाली, आणि पायऱ्या उतरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बाजारातल्या डेल्सीच्या झेरॉक्सच्या दुकानात गेली. डेल्सी तिच्या शेजारच्या आल्बिनाची मुलगी. गोव्यात हॉटेलच्या ऑफिसात पाच वर्षं काढून परत आलेली आणि गावातल्या निम्म्या मुलांचे अर्ज तयार करून देणारी. मथुराचा पहिला बायोडाटा तिनेच केला होता. मथुराने तो टेबलावर आपटला आणि एकेक ओळ वाचायला लावली. प्रामाणिक. मेहनती. संघभावनेने काम करण्याची आवड. छंद: वाचन व प्रवास.

"प्रवास खंयचो गो? शिरोड्याक लग्नाक गेल्लंय तो?"

डेल्सी हसली, पण मथुरा हसत नाही हे बघून तिने हसू आवरलं. मग म्हणाली की सगळ्यांच्या अर्जात असंच असतं, तयार साचा आहे, नाव तेवढं बदलायचं.

"म्हणानच तेका मी दिसलंय नाय. सगळा पूस."

डेल्सीने सगळं पुसलं. पांढरा पडदा समोर आला आणि मथुरा बोलायला लागली. आवाज अजून चढलेलाच होता, पण डेल्सी एक एक वाक्य नीट करून टाईप करत गेली. तेवीस वर्षं सलग काजूगर निवडले. अख्खा गर, पाकळी, तुकडा, जळका, सगळी प्रत हाताने ओळखते. निवड विभाग अकरा वर्षं सांभाळला. बायकांना पाळ्या लावणं, माल तपासणं, डबा बंद करायचा की परत पाठवायचा ते ठरवणं. वीस बायकांना काम शिकवलं. एकदा मुंबईहून माल परत आला तेव्हा दहा दिवसांत सगळा पुन्हा निवडून दिला, त्यानंतर माल परत आला नाही.

"हुद्दो काय लिवू?"

"हुद्दो त्येंनी दिल्यानी नाय. काम लिवलंस मा? बस."

संदर्भ म्हणून डेल्सीला सरपंच किंवा बँकेतला कोणी साहेब हवा होता. मथुराने आपण शिकवलेल्या हौसाबाई आणि विमला या दोघींची नावं आणि फोन नंबर दिले. ह्यांनाच माझं काम माहीत, म्हणाली, सरपंचाने कधी माझा हात बघितलाय? त्याखाली भाईंचंही नाव आणि नंबर घालायला लावला. आणि शेवटी एक ओळ: 'मालकांनी कामगार म्हणून दाखला देण्यास नकार दिला.'

डेल्सीने हात उचलला. बायोडाट्यात आधीच्या मालकाविरुद्ध अक्षर लिहायचं नसतं, हा पहिला नियम. असं वाचलं की लोक कागद बाजूला ठेवतात.

"वायट खंय लिवलंय? जा झाला ता लिवलंय. टायप कर."

शुक्रवारी दुपारी अधिकाऱ्याने तो एकच कागद हातात घेतला. वरचं वाचताना त्याने दोनदा मान हलवली. शेवटच्या ओळीशी आल्यावर थांबला. हे असं का, म्हणून त्याने विचारलं. मथुराने सांगितलं, त्यांनाच विचारा, नंबर वर आहे.

त्याने खरोखरच नंबर लावला आणि मोबाईल टेबलावर मोठ्या आवाजात ठेवला. भाईंनी आधी ऑफिसातली मराठी काढली. मथुराबाई आमच्या घरच्याच, फार प्रेमळ, वगैरे. अधिकाऱ्याने विचारलं, त्या तुमच्याकडे प्रतवारीचं काम करत होत्या का? भाई म्हणाले, काम असं नाही म्हणता येणार, अधूनमधून हात लावत असत.

मथुरा टेबलावर वाकली. "भाई, मुंबयचो माल परत इल्लो तो कोणी निवडल्यान? तुमच्या हिशेबनिसान?"

फोनमध्ये क्षणभर झोपाळ्याची कुरकुर ऐकू आली. मग भाईंचा तोल गेला. "तू निवडलंस मगे कोण निवडतलो? तुका निवडूक कोणी शिकयल्यान? मियां. तेवीस वर्सां माज्या कारखान्यात ऱ्हवन, माजो अख्खो निवड विभाग हातात घेवन बसलंस, आणि आज परक्यासमोर माका जाब विचारतंस?"

अधिकाऱ्याने नम्रपणे आभार मानले आणि फोन बंद केला. मग त्याने अर्जाचा छापील नमुना पुढे ओढला. अनुभवाच्या रकान्यात त्याने लिहिलं: 'काजू प्रतवारी, २३ वर्षे. आधीच्या मालकांशी फोनवर बोलून खात्री केली.' खाली सही केली, तारीख घातली. सोमवारी आठला या, म्हणाला. पहिला महिना काम बघू, मग पक्कं.

मथुराने कागद आपल्याकडे वळवून घेतला आणि ती ओळ बोट धरून वाचली. भाईंनी शिकवलं म्हणे. तिला शिकवलं ते कारखान्यातल्या म्हाताऱ्या तुळसाने, आणि तीही बिचारी कुठल्या रजिस्टरात नव्हती.

"साहेब, ह्याची एक झेरॉक्स द्या."

हा ऑफिसचा कागद आहे, बाहेर देता येत नाही, असं त्याने समजावलं. तिने ऐकून घेतलं आणि ती जागची हलली नाही. त्याने दुसरं काम काढलं, दोन फोन केले, मान वर करून बघितलं. मथुरा तिथेच, पिशवी मांडीवर घेऊन. शेवटी तो उठला आणि कागद घेऊन मशीनकडे गेला.