झाकणाला हात लावायचा नाही!

मी झाकण बोलतोय. सगळा जन्म दुसऱ्याचं तोंड बंद ठेवण्यात गेला, म्हटलं आज जरा आपलं उघडावं.

पत्रा कापून, ठोकून मला गोल केलं, डोक्यावर काळी मूठ बसवली आणि एका पातेल्याशी माझी जोडी लावून दिली. आम्हा दोघांना अक्काने घरी आणलं. आई गेल्यामुळे धाकट्या भावाला तीच वाढवत होती. तो एवढासा होता, स्टुलावर चढल्याशिवाय त्याला शेगडी दिसायची नाही. अक्का भाज्यांचं सूप करायची आणि त्यात मैद्याचे गोळे सोडायची. काय हलके व्हायचे ते! पातेल्यावर बसलो की मला फक्त खालचं दिसतं, वरचं नुसतं ऐकू येतं. वर अक्का गोष्ट सांगत असायची आणि तो पोरगा चक्क गप्प असायचा.

पुढे हा धाकटा घड्याळजी झाला. बंद वस्तू दिसली की उघडून आत डोकवायचं, हाच त्याचा धंदा. केस पिकले तरी घरात दोघंच, बहीण आणि भाऊ.

मध्यंतरी अक्काचे उरलेसुरले दात काढले. तोंडाचं पार बोळकं झालं. डाळ-भाज्यांचं गाळलेलं पाणी पुढे आलं की ती तोंड फिरवायची. वाळून चिपाड झाली होती नुसती.

"अक्का, तू सांगशील ते करतो. पण खा काहीतरी."

"गोळ्यांचं सूप कर. तुला जमायचं नाही म्हणा!"

झालं, घड्याळजी हट्टाला पेटला. लोण्यावर कांदा परतला. गाजर, बटाटा, फरसबी, मटार टाकून पाणी ओतलं. मैद्यात बेकिंग पावडर आणि मीठ घालून लोणी चोळलं, दुधात सैलसर भिजवलं आणि उकळत्या सुपावर चमच्या-चमच्याने सोडलं. मग मला वर ठेवलं.

"आता झाकणाला हात लावायचा नाही!" अक्का खोलीतून ओरडली. "वाफ गेली की गोळे बसले!"

"छे, छे," म्हणत त्याने लगेच मला उचललं. मग पुन्हा. मग आणखी एकदा, नुसतं बघायला. गोळ्यांचे झाले गोटे.

"हे खायला दात उसने आणू का रे?" अक्का म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तीच तऱ्हा. पण या खेपेला अक्का चिडली नाही. तिने वाटी हळूच बाजूला सारली. "राहू दे रे. भूकच मेलीय माझी." ते ऐकून, खरं सांगतो, मी गारठलो.

तरी त्याने तिसऱ्यांदा घाट घातला. गोळे पडले, मी बसलो आणि थोड्याच वेळात त्याची बोटं आलीच! मी वाफेने पातेल्याला घट्ट चिकटून राहिलो. त्याने हिसका दिला. कटकन आवाज झाला, स्क्रू तुटून माझी मूठ निखळून त्याच्या हातात गेली आणि मी धप्पकन जागच्या जागी!

मी मनातून खचलो. मूठ गेलेल्या झाकणाला भंगाराशिवाय कोण विचारतं? वर घड्याळजीची धावपळ चाललेली. घरात डबेच्या डबे स्क्रूंचे, पण सगळे मुंगीच्या डोळ्याएवढे! एकही माझ्या भोकाला पुरेना. मी इतका तापलेला, की नुसत्या हाताने उचलायची सोय नाही. तो डबे उपसत राहिला आणि इकडे खाली गोळे फुगत फुगत माझ्या पोटाला लागले. कित्येक वर्षांनी अशा गुदगुल्या झाल्या मला!

अखेर त्याने सुरीच्या टोकाने मला उचललं आणि तो बघतच राहिला.

अक्काने एक गोळा जिभेने टाळूवर दाबला. डोळे मिटले. "विरघळला की रे!" ती म्हणाली. "आणखी वाढ. हात आखडू नकोस."

तिने पातेलं जवळजवळ खरवडलं. घड्याळजी शर्टाच्या बाहीने डोळे पुसत होता. मग त्याने विचारलं, "अक्का, लहानपणी मी शेगडीजवळच असायचो. तेव्हा कसे नाही बिघडायचे गं?"

"अरे, तुझे दोन्ही हात धरून बसायचे ना मी! गोष्ट संपेपर्यंत सोडायचे नाही."

"मला वाटायचं, लाडाने धरतेस."

"लाड होतेच की. पण गोळेही होते!"

दोघं इतके हसले की मी शेगडीशेजारी खणखणलो.

आता मला बाजारातला चांगला जाडजूड स्क्रू मिळालाय, मूठ पुन्हा डोक्यावर आलीय. अक्काला नवे दात आलेत, पण या सुपाला ती ते काढून ठेवते. म्हणते, याला दात लावणं हा गोळ्यांचा अपमान! तुम्हाला माझं एवढंच सांगणं आहे, घरातलं झाकण सारखं उचलून बघू नका. आतलं आत नीट चाललेलं असतं.

काल पुन्हा सूप झालं. गोळे पडले, मी बसलो. मूठ शाबूत, म्हणजे आता बोटं येणार, म्हणून मी जीव मुठीत धरून होतो. बोटं आली नाहीत. स्टूल ओढल्याचा आवाज आला.

"अक्का," म्हातारा घड्याळजी म्हणाला, "हे घे माझे हात. धर, आणि गोष्ट सांग."

अक्का सांगू लागली, आणि खाली गोळे फुगू लागले.