दुसरी जुळणी

दीनानाथांनी सांगलीत बेचाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली, पण पोटच्या मुलीला कधी टेबलाला हात लावू दिला नाही. "शिंकलीस तर चार चाकं उडतील," म्हणायचे. पोर बिचारी शिंकायलासुद्धा दुकानाबाहेर पळायची. तीच सुखदा पुढे दातांची डॉक्टर झाली. लोकांच्या तोंडात हात घालायला तिला मेलबर्नमध्ये परवाना मिळाला, बापाच्या टेबलावर काही मिळाला नाही. तिच्याकडे, मेलबर्नच्या पॉइंट कुक उपनगरात, तीन महिन्यांसाठी आलेले दीनानाथ २०२०च्या लॉकडाऊनमध्ये तिथेच अडकले.

त्यात जावयाचं, यतिनचं, जर्मन घड्याळ बंद पडलं. नऊ वर्षं पठ्ठ्याने त्याचं तेलपाणी केलं नव्हतं, मग घड्याळाचा काय दोष! "बाबा, तुम्हीच बघा ना. घाई नाही, नो वरीज," यतिन म्हणाला. दीनानाथांनी "बघू" म्हणून विषय टोलवला. त्यांचा उजवा हात वर्षभर थरथरत होता. दुकानही त्यापायीच बंद केलं होतं. विचारलंच कुणी, तर थंडीवर ढकलत.

घड्याळाबरोबरची पुस्तिका मात्र त्यांनी सुखदाकडून वाचून घेतली. टीलबाख नावाचा हा कारखाना दोघा भावांनी गोठ्यात सुरू केलेला. सुरुवातीला आतलं यंत्र विकतचं असायचं. मग एकेक चाक स्वतः करायला शिकले, आणि तिसऱ्या पिढीत अख्खं यंत्र घरचं झालं.

"आणि प्रत्येक वॉच ते दोनदा असेम्बल करतात, बाबा. एकदा चालवून बघायचं, मग सगळं सुटं करून, धुऊन, परत जुळवायचं. दुसऱ्या वेळी नवा माणूस जुळवतो, जुना नुसता शेजारी बसतो. तशीच त्यांची माणसं तयार झाली म्हणे."

गोठ्यातल्या माणसांना सुचलं ते आपल्याला सुचलं नाही, याची दीनानाथांना मनापासून लाज वाटली.

रविवारी त्यांनी जेवणाच्या टेबलावर पांढरं कापड पसरलं, सोबत आणलेला चिमटा उचलला, आणि तो हातात लटलट हलू लागला. सुखदा बघतच राहिली.

"बाबा, हे कधीपासून?"

"वर्ष झालं. हात गेला त्याचं एवढं नाही गं. पण डोक्यात आहे तेही माझ्याबरोबरच जाणार, ते सोसवत नाही." त्यांनी खुर्ची तिच्याकडे सरकवली. "बस इथे. मी सांगतो, तू कर."

क्लिनिक जवळपास बंदच होतं, त्यामुळे वेळेला तोटा नव्हता. तिसऱ्या रविवारी घड्याळ टिकटिकू लागलं. यतिनने लगेच मनगट पुढे केलं.

"थांबा," दीनानाथ म्हणाले. "सुखदा, सगळं परत सुटं कर."

"अहो बाबा, चालतंय की!" सुखदा म्हणाली.

"ही माझी जुळणी झाली. हात तुझा होता, पण चाकन् चाक मी सांगितलं. आता दुसरी. मी बोलणार नाही."

पुढच्या रविवारी ते शेजारी बसले, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. एकदा तिने चुकीचा स्क्रू उचलला. त्यांनी तोंड उघडलं, महाप्रयासाने मिटलं. तिने स्वतःच तो खाली ठेवून दुसरा घेतला. दुपारी सगळ्यात नाजूक चाक जागेवर बसलं आणि आपसूक झुलू लागलं. झाकण तेवढं राहिलं होतं.

तेवढ्यात सुखदाने नाक दाबलं, खुर्ची मागे ढकलली आणि धावत परसात गेली. शिंकेचा आवाज बाहेरून आला.

झुलणाऱ्या चाकाकडे पाहता पाहता दीनानाथांचे डोळे भरून आले.

"आत ये गं," त्यांनी हाक मारली. "टेबल आता तुझं आहे. इथेच शिंकत जा."