मंदाच्या अंगातलं प्लॅटिनम

"अंगात प्लॅटिनम सोडणार म्हणजे मी चकाकेन का हो, ताई?" मंदाने, माझ्या धाकट्या जावेने, हॉस्पिटलमध्येच विचारलं.

डॉक्टर हसले. हे औषध प्लॅटिनमपासून बनतं, पेशीत शिरून डीएनएला चिकटतं, मग कॅन्सरच्या पेशीला आपली नक्कल काढता येत नाही, म्हणाले. पहिला डोस देऊन घरी सोडताना बजावलं, रोज तीन लिटर पाणी प्यायचं. किडनीचा रिपोर्ट बिघडला तर पुढचा डोस थांबणार.

चिकटतं म्हणजे नक्की कुठे? मला चैन पडेना. दोन दिवस मोबाइलवर चित्रं बघत बसले. भाजी दोनदा करपली.

तिसऱ्या दिवशी दुपारी काशीगावच्या माझ्या घरून पेज घेऊन मंदाकडे गेले, तर तिचे ओठ सुकलेले. उशाशी बाटली भरलेली आणि शेजारी तिचा नवरा, महिपतभाऊजी, पहाऱ्याला.

"सकाळपासून अर्धाच पेला दिलाय," भाऊजी अभिमानाने म्हणाले. "एवढं महागाचं प्लॅटिनम धुवून घालवायचं काय, वहिनी?"

भाऊजी तीस वर्षं भाईंदर पूर्वेच्या गाळ्यात इमिटेशनच्या साखळ्यांना सोनेरी प्लेटिंग करतायत. टाकीत पाणी जास्त झालं की माल रंग धरत नाही, हे त्यांचं शास्त्र.

"मला तहान लागलीय आणि हे मला टाकी समजतायत," मंदा म्हणाली.

मी रागवायला तोंड उघडलं, पण खिळ्याला लटकलेली नमुन्याची साखळी दिसली.

"भाऊजी, या साखळीच्या शेजारशेजारच्या दोन कड्या डाख देऊन जोडून टाकल्या तर?"

"जाम होणार. वळायचीच नाही."

"डीएनए अशीच, पिळाची दुहेरी साखळी. नक्कल काढायला ती उलगडावी लागते. प्लॅटिनम तिथे दोन कड्या डाखून टाकतं. ते पाण्याने सुटत नाही."

भाऊजींनी साखळी हातात घेतली, नखाने दोन कड्या दाबून धरल्या.

"आणि टाकीतून माल काढल्यावर तुम्ही काय करता?"

"धुतो. तीन पाण्यांतून. नाहीतर अंगावर उरलेलं औषध माल खातं, काळे डाग..." ते थांबले. "वहिनी, हिच्या अंगात उरलेलं..."

"किडनी खातं."

त्यांनी हॉस्पिटलला फोन लावला. पलीकडची सिस्टर हिंदीतून एवढी ओरडली की मंदालाही ऐकू गेलं. लगेच नेलं, सलाइन लावलं, रक्त घेतलं. किडनीचा आकडा थोडा चढला होता. पुढच्या तपासणीपर्यंत भाऊजींनी गाळ्यावर सुट्टी टाकली आणि तासातासाला पेला भरला.

तपासणीत आकडा उतरला. दुसरा डोस मिळाला.

घरी आल्यावर मंदाने हात उजेडात धरून उलटसुलट पाहिला. "एवढं करून चकाकले नाहीच."

"धुणं बाकी आहे अजून," भाऊजी म्हणाले आणि पेला तिच्या ओठाला लावला.