पेटीच्या झाकणातली चकती

आमचे हे घड्याळं दुरुस्त करायचे. हात थरथरायला लागले तसं दुकान बंद केलं आणि घरात माझ्या मागे लागले. मला तेव्हा वाचता येत नव्हतं. औषधं मी रंगावरून ओळखायचे आणि चुकायचे.

एक दिवस त्यांनी नाण्याएवढ्या पांढऱ्या चकत्या आणल्या. एनएफसी म्हणतात त्यांना. एक औषधांच्या लाकडी कपाटाला चिकटवली, एक दाराजवळ, अशा चार-पाच. माझा फोन चकतीला टेकवला की त्यांनी आधी बोलून ठेवलेलं ऐकू यायचं. कपाटापाशी, "सकाळी पांढरी अर्धी, रात्री लाल अख्खी. उलटं केलंस तर दिवसभर घोरशील." दाराशी, "गॅस बंद केलास का? मान नको डोलावूस, परत जाऊन बघ."

"दिवसभर बोलता ते कमी पडतं का?" मी विचारलं.

"मी काय जन्माला पुरणार आहे तुला?"

पुरले नाहीत. ते गेल्यावरही मी बाहेर पडताना दाराशी फोन टेकवायचे आणि परत जाऊन बघायचे. गॅस बंदच असायचा.

मुलगा आला तेव्हा फोनची काच तडकली होती. दुपारी माझा डोळा लागला, तेवढ्यात तो जुना फोन देऊन नवा घेऊन आला. "सगळे नंबर आणलेत, आई. फोटोसुद्धा."

संध्याकाळी दाराशी फोन टेकवला. नुसताच टुक् वाजला.

"चकती बिघडली रे," मी म्हणाले.

"चकतीत काही नसतं गं. एक नंबर असतो फक्त. तो ओळखून काय बोलायचं, ते फोनमध्ये..." तो पायात चप्पलही न घालता फोनच्या दुकानाकडे धावला.

परत आला तो पायरीवरच बसला. "माझ्यासमोरच दुकानवाल्यांनी जुना फोन पुसून रिकामा केला होता. सगळं काढू का विचारलं, मीच हो म्हणालो."

मी ताटं वाढली. जेवलं कुणीच नाही.

त्यानंतर मी अक्षरं शिकले. प्रत्येक चकतीखाली यांचं बोलणं वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहून ठेवलं. दाराशी थांबून मोठ्याने वाचते. आवाज माझाच येतो.

गेल्या महिन्यात यांची हत्यारं एका घड्याळवाल्या बाईला द्यायला काढली. चिमटे विस्कटतात म्हणून त्या पेटीला हे मला कधी हात लावू देत नसत. उघडली, तर झाकणाला आतून एक चकती.

मुलाला फोन केला. तो म्हणाला, "चालते का नाही, करून बघितली असेल गं आधी."

"असेल," मी म्हणाले.

हत्यारं दिली, पेटी ठेवून घेतली. त्या चकतीखाली काय लिहू? सकाळी झाकण उघडते, फोन टेकवते. टुक् वाजतं. झाकण लावते.