एकवीस नंबरची चूल

बोदवड स्टेशनवरून रिक्षा केली की तीन किलोमीटरवर रिक्षावाला म्हणतो, "उतरा, पुढे टायर गरम होतात." तिथून आमचा डेपो सुरू होतो.

डेपो म्हणजे कोळशाचा. मालगाडीनं दगडी कोळसा यायचा, फोडून चाळून ट्रकांत भरायचा. मोठ्या ढेपा बाहेर जायच्या आणि चुरी मागे राहायची. ही चुरी कंपनीनं वीस वर्षं मागच्या नाल्यात लोटली. नाला भरून सपाट झाल्यावर त्यावर कामगारांसाठी तीन ओळींत बावीस खोल्या बांधल्या. जे विकलं जात नव्हतं त्यावर माणसं बसवली, असा तो हिशेब. मी तेव्हा काट्यावर होतो. भरलेला ट्रक, रिकामा ट्रक, वजा करायचं, पावती फाडायची. बावीस नंबरची खोली माझी होती.

कंपनी गेली आणि पाचेक वर्षांनी नाल्याच्या कडेनं धूर दिसायला लागला. चुरी आतल्या आत पेटली होती. दोन दिवस बंबांनी पाणी मारलं. आग खाली सरकली, माणसं वर राहिली. पुढे एकेकाच्या खोलीची फरशी तापायला लागली आणि एकेक घर उठलं. कोणी भुसावळला, कोणी चोपड्याला केळीच्या ट्रकांवर, मी धुळ्याला देवपुरात मुलाकडे. सरकारी माणसांनी जाता जाता एक पाटी ठोकली: जमीन पोकळ आहे, येथे विस्तव करू नये.

राहिली एकटी तानुबाई, एकवीस नंबरात. ही मूळची साक्रीकडची, बोलणं अजून अहिराणीच. नवरा डेपोवर हमाल होता, तो इथंच गेला. मुलगी रत्ना दिली सुरतेला, एका खोलीत सात माणसांत. तानुबाईला जायला जागा नव्हती, म्हणून ती गेली नाही. याला कोणी धाडस म्हणतं, कोणी हट्ट. जागा नसणं याला वेगळं नाव द्यायची पद्धत आपल्याकडे आहे.

जाताना प्रत्येकानं आपली चावी मात्र तिच्याकडे ठेवली. न जाणो!

हे न जाणो बारा वर्षांनी आलं. डेपोवर राहणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला बोदवडच्या पलीकडे घर बांधायला प्लॉट मिळणार, अशी बातमी आली. बातमी आली तशी डेपोची माया सगळ्यांना एकदम दाटून आली.

पहिली पाहणी झाली रेशनकार्डावर. कार्डं निघाली एकोणपन्नास. तानुबाईचं त्यात नव्हतं, तिचं नाव दिराच्या कार्डावर आणि दीर ते दाखवेना. दुसरी पाहणी झाली वीजबिलावर. वीज तर केव्हाच कापली होती, तरी जुनी बिलं लोकांनी ट्रंकेतून काढून आणली. तानुबाईकडे मीटरच नव्हता. दोन्ही याद्या वरून रद्द झाल्या, कारण वरच्यांनाही मोजता येतं. तिसरी यादी शेवटची, असं सांगून आदेश आला: ज्या घरात चूल पेटते तेच राहतं घर. चूल बघा, राख बघा, पंचनामा करा, एका दिवसात उरका.

नोटीस रविवारी आली, पाहणी मंगळवारी.

घरातलं गॅसचं सिलिंडर तिकडे नेऊ का, असं मी चाचपून बघितलं. सून दिपमाला म्हणाली, "न्या की आबा. पण मग उद्यापासून चहाही तिकडेच घ्या." शिवाय तापलेल्या जमिनीवर सिलिंडर नेणं म्हणजे प्लॉटच्या आधी भिंतीवर फोटो लागायचा. तेव्हा चूलच पाहिजे. ओल्या मातीची चूल घालून सुकायला आठ दिवस लागतात. तयार चुली बोदवडच्या कुंभाराकडे या गॅसच्या दिवसांत किती असणार? तीन होत्या. तिन्ही आम्ही घेतल्या. बावीस घरं, तीन चुली.

"पुरतात," सुकदेव म्हणाला. सुकदेव पूर्वी डेपोवर चाळणीवर होता, आता भुसावळला रिक्षा चालवतो. "तलाठी काय बावीस घरांत एकदम शिरणार? तो पुढच्या दारानं, चूल मागच्या दारानं."

"आणि ओळखली तर?"

"माझी प्रमिला कशाला आहे?" तो म्हणाला.

त्याची बायको प्रमिलाबाई बादलीत शेणमाती, गेरू आणि चुना घेऊन बसली होती. एका घरात चूल गेरूची, पुढच्या घरात चुन्याची, त्यापुढे शेणाची. राखेचं पोतं फरसाणवाल्याच्या भट्टीवरून आणलं होतं. प्रत्येक घराला दोन मुठी.

मंगळवारी सकाळी सगळे जमले. प्रत्येकानं तानुबाईकडून आपापली चावी घेतली आणि बारा वर्षं बंद असलेलं आपलं 'राहतं घर' झाडलं. झाडून भूक लागली. कोणाच्याच घरात खायला काही नव्हतं, म्हणून सगळे एकवीस नंबरात आले.

"भाऊ, बसा. भाकर टाकस," तानुबाई मला म्हणाली.

तिच्या खोलीत मागच्या कोपऱ्यात एक फरशी काढलेली आहे. तिथं जमिनीवरच तवा. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकर तिनं थापली, तव्यावर टाकली, तोंडातल्या तोंडात काहीतरी मोजलं आणि उलटली. भाकर टम्म फुगली. बाजूच्या भेगेत डाळीचं मडकं पुरलेलं. हिवाळ्यात बोदवडची माणसं भरिताची वांगी भाजायला तिच्याकडे आणतात, हेही तेव्हा कळलं. नुसता वास जरा गंधकाचा येतो, तो तिला येत नाही.

"तानुबाई, चूल कुठाय तुझी?" सुकदेवनं विचारलं.

"चूल कसाले? जमीन तपेल शे ना."

"अगं, आज चूल बघणार आहेत!"

"पाटीवर लिखेल शे, आठे विस्तव करानं नही." तिला वाचता येत नाही. पाटी ठोकणाऱ्यानं बारा वर्षांपूर्वी वाचून दाखवली होती, ती तिनं पाळली. पाटी पाळणारं डेपोवर ते एकच घर.

मी घास थांबवला. बारा वर्षांत जिनं इथं रोज स्वयंपाक केला तिच्याकडे चूल नाही, आणि ज्यांनी एक दिवस केला नाही ते तीन चुली घेऊन आलेत. पंचनाम्यात ती बसत नव्हती.

तिच्याही ते लक्षात आलं असावं. तव्यावरून हात काढून ती म्हणाली, "तिसरी येळले बी मनं नाव ऱ्हाई जाई का, भाऊ?"

मग तिनं मला खोलीचा दुसरा कोपरा दाखवला. खाटेचे चारही पाय पाण्याच्या डब्यांत, आणि डबे रात्रीतून आटतात. दाराजवळची फरशी हातभर खचली होती. मागच्या महिन्यात बकरीचा पाय तिथून आत गेला, गुडघ्यापर्यंत भाजला. बकरी विकावी लागली. "आते मना नंबर," ती म्हणाली, आणि पुढची भाकर थापायला लागली.

मी हिशेब केला. तिचं घर एकवीस, माझं बावीस, शेवटचं. चूल तिच्याकडे आधी जाईल, मग माझ्याकडे. मला काही कमी पडत नाही. पुण्य लागलं तर लागलं, खर्च शून्य. मी सुकदेवला सांगितलं, "एकवीसलाही फिरव."

अकरा वाजता तलाठी आले. त्यांना आता कागदावर काही दुसरं नाव मिळालंय, पण आम्ही तलाठीच म्हणतो. नाव हितेंद्र, तिशीतला, बुटाच्या तळाकडे सारखा बघणारा माणूस. पंच दोन: एक मी, दुसरा रुपचंद. रुपचंदला कमी ऐकू येतं, म्हणून त्याच्या सहीवरून आजवर कुठंही वाद झालेला नाही.

पहिली ओळ झकास गेली. एक नंबर, चूल आहे, राख आहे. दोन नंबर, चूल आहे, राख आहे. मागच्या बाजूला सुकदेव चूल कवटाळून वाकून पळत होता आणि प्रमिलाबाई त्याच्यामागे बादली घेऊन. "थांबा हो, कड राहिली!" असं तिचं ओरडणं भिंतीपलीकडून ऐकू आलं. तलाठ्यांनी पेन थांबवून माझ्याकडे पाहिलं. मी रुपचंदकडे पाहिलं. रुपचंदनं काहीच ऐकलं नव्हतं.

आठव्या घरात हितेंद्ररावांनी चुलीच्या ओठावर बोट ठेवलं. तिथं टवका उडाला होता. तसाच टवका तिसऱ्या आणि पाचव्या घरात होता.

"इथले सगळे एकाच कुंभाराचे गिऱ्हाईक दिसतात."

"एकच आहे साहेब बोदवडला," मी म्हणालो. हे खरं होतं.

"मला रकाना आहे, आहे किंवा नाही," ते म्हणाले. "मला दिसली, मी आहे लिहितो. ती चालते का, हा रकाना नाही."

दुसऱ्या ओळीत एक चूल भिंतीवरून देताना निसटली आणि गेली. दुसरी तेरा नंबरात अडकली, कारण साहेब तिथं पाणी प्यायला बसले आणि तिच्याकडेच तोंड करून बसले. ते परत डोकावतील म्हणून तेरावाला नंतरही ती सोडेना. राहिली एक, टवक्याची. सतरा, अठरा, एकोणीस, वीस. प्रत्येक घरात तिच्यावर नवा ओला हात. गेरू, त्यावर चुना, त्यावर शेण. चूल इतकी भिजली होती की सुकदेवच्या शर्टावर तिचा छाप उठला होता.

आम्ही एकवीसच्या दारात पोचलो तेव्हा चूल नुकतीच आत ठेवली होती. सुकदेव मागच्या दारातून माझ्याकडे बघून मान हलवत होता: झालं काम.

वीस नंबरापर्यंतची जमीन केव्हाच निवली होती. आग आता तिसऱ्या ओळीच्या टोकाला, एकवीस-बावीसखाली होती. काट्यावर आयुष्य काढलेल्या माणसाला हे आधी सुचायला हवं होतं.

आधी चुलीच्या बुडाशी चर्र झालं. मग वाफ निघाली. शेणाचा पापुद्रा उडाला, खालचा चुना दिसला, चुन्याखालचा गेरू दिसला. सकाळपासूनची सगळी घरं एकापाठोपाठ एक उघडी पडत गेली. मग फाट्‌कन आवाज झाला आणि चूल तीन तुकडे होऊन तानुबाईच्या फरशीवर बसली.

रुपचंद म्हणाला, "कोण आलं?"

दारात बावीस घरांची माणसं गोळा झाली होती. हितेंद्ररावांनी वाकून जमिनीला हात लावला आणि लगेच काढला. मग कोपऱ्यातला तवा पाहिला, भाकरींची चळत पाहिली, खाटेखालचे डबे पाहिले, खचलेली फरशी पाहिली. यातल्या कशालाच रकाना नव्हता.

"ही चूल कोणाची?" त्यांनी विचारलं.

तानुबाईला खोटं बोलायचं नव्हतं आणि खरं परवडत नव्हतं. पदराला पीठ पुसत ती उभी राहिली.

"पंच, तुम्ही सांगा," ते मला म्हणाले. "तुम्ही म्हणाल ते लिहितो आणि खाली तुमची सही घेतो."

सुकदेव मागून डोळ्यांनी खुणावत होता: आपली म्हणा, बावीसची म्हणा. माझी म्हणालो असतो तर काय झालं असतं ते मी बघितलं. चूल सापडली एकवीसात, मालक बावीसचा. एकवीसला चूल नाही, बावीसला जागेवर नाही. दोन घरं गेली. तिची म्हणालो तर एक घर गेलं, माझं. दोन उणे आणि एक उणे यांतला फरक मला कळतो. तो माझा धंदा होता.

"तानुबाईची," मी म्हणालो.

हितेंद्ररावांनी लिहिलं: चूल आहे, फुटलेली. मग बाहेर येऊन माझ्या बावीसात डोकावले. मी सकाळी झाडलेली रिकामी खोली, मधे दोन मुठी राख.

"राख आहे," मी म्हणालो.

"चूल?"

"नाही."

त्यांनी तसं लिहिलं. मी दोन्हीखाली सही केली. माझ्याखाली रुपचंदनं केली.

परतीच्या रिक्षातून बोदवड स्टेशनवर उतरताना सुकदेव म्हणाला, "प्रेमराजभाऊ, 'एकवीसलाही फिरव' म्हणाला नसता तर ती तुमच्याच खोलीत फुटली असती. फुटलेली चालते, हे आता कळलं ना!"

ते माझ्याही डोक्यात आलं होतं. माझ्या खोलीचीही जमीन तापलेलीच आहे. पण नंबर तिचा आधी होता.

उन्हाळ्याच्या आधी प्लॉट वाटले. एकवीस. कर्ज काढून, पत्रे टाकून लोकांनी घरं उभी केली, कुलपं लावली आणि भुसावळ, चोपडा जिकडचे तिकडे गेले. मुलगा म्हणाला, आबा, तुम्हाला कशाला हवी होती ती उठाठेव. मी म्हणालो, बरोबर आहे.

एकदा तानुबाईचा निरोप आला, बोदवडच्या भाजीवाल्याकडून फोनवर: भाऊंना सांगा, येताना चूल आणा.

धुळ्याहून एसटीनं निघालो. बोदवडच्या कुंभारानं माझ्याकडे बघून विचारलं, "परत पाहणी आहे का?" मी एकच घेतली आणि मांडीवर धरून रिक्षानं गेलो. रिक्षा या वेळी थेट दारापर्यंत गेली.

एकवीस घरांत एकाच घराचं दार उघडं होतं. दाराशी खिळ्यांना ओळीनं चाव्या टांगलेल्या. मी मोजल्या. वीस, बाकी सगळ्यांच्या.

"बठ्ठा जण दी गयात," ती म्हणाली. "म्हणे, ध्यान ठेवजो."

मी चूल मांडली. लाकडं तिनं आणून ठेवली होती, पण पेटवायची हातातली सवय गेली होती. तीन काड्या फुकट गेल्या, चौथीला धूर झाला आणि दोघंही खोकलो. भाकर एका अंगाला करपली. ती तिनं स्वतःकडे घेतली आणि चांगली मला दिली.

खाऊन उठलो तेव्हा ती अजून चुलीपाशीच पाय जवळ घेऊन बसली होती.

"आठली जमीन थंडी शे, भाऊ," ती म्हणाली. "पायले गार लागस."